तळव्याला न कळलेली ऊब

"अहो, एक विचारू? इथून कधी कोणी पळून गेलंय का?"

चिसातोने फावडं थांबवलं नाही. समोरचा माणूस उताणा पडला होता, डोक्याला पांढरा पंचा गुंडाळलेला, आणि छातीपर्यंत काळ्या वाळूत गाडला गेला होता. असले प्रश्न तिला रोजचेच होते. वाळूच्या स्नानाला आलेल्या पुरुषांचे हातपाय अडकले की त्यांची जीभ सुटते, हे तिला एवढ्या वर्षांत पाठ झालं होतं.

"पळायचं असेल तर आत्ताच पळा," ती म्हणाली. "अजून दोन फावडी पडली की मग मी सोडेन तेव्हाच सुटाल."

"मग टाका दोन फावडी."

तिने टाकली. चांगली गच्च भरून टाकली. तो डोळे मिटून हसला... आणि ते हसू तिला उगाचच आवडलं.

बाहेर फेब्रुवारीचा बारीक पाऊस पडत होता. जपानच्या दक्षिण टोकाजवळच्या इबुसुकी गावाच्या त्या किनाऱ्याखालून उकळतं पाणी वाहतं, त्यामुळे पावसाचा थेंब वाळूवर टेकतो न टेकतो तोच वाफ होऊन परत निघतो. छपराखाली सगळं धुरकट झालं होतं. तो माणूस, तिला नंतर कळलं, कागोशिमा शहरातून आला होता. नाव ताकुमा. हे वाळूस्नान ज्या हॉटेलचं होतं, त्याच्या दिवाणखान्यात एक जुना पियानो होता, त्याचे सूर लावायला. मॅनेजरने त्याला एक वाळूस्नान फुकट देऊ केलं होतं.

"जरा जास्तच गरम नाही का हो?" तो म्हणाला.

"पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं."

"नाही, म्हणजे... खरंच भाजतंय."

"पुरुषांना फार लवकर भाजतं," चिसातो म्हणाली. शेजारच्या खड्ड्यात पुरलेल्या दोन म्हाताऱ्या बायका खुदकन हसल्या. देखणी मुलगी फावडं घेऊन उभी असताना आणखी कुरकुर करायची कोणाची छाती होते?

वेळ झाल्यावर तो वाळू झटकत उठला. अंगातल्या सुती झग्याचा गळा जरा खाली सरकला आणि चिसातोला त्याची पाठ दिसली. पाठ उकडलेल्या खेकड्यासारखी लाल झाली होती.

तोमिको मावशी धावत आल्या. त्या तिथल्या सगळ्यात जुन्या. त्यांनीच चिसातोला हे काम शिकवलं होतं. भरती-ओहोटीबरोबर वाळूचा ताप बदलतो, म्हणून खड्डा खणला की रबरी बूट काढायचा, उघडा तळवा वाळूवर ठेवायचा. तळव्याला सोसलं की पाठीला सोसतं. तोमिको मावशींनी रिकाम्या खड्ड्यात पाय ठेवला आणि लगेच उचलला.

"अगं बये! हे तुला कळलं नाही?"

"कळलं की..."

"डोंबल कळलं! अंडं शिजेल इथे."

चिसातोने सकाळी डावा पाय ठेवला होता. आता तिने उजवा ठेवला. चटका बसला. मग डावा ठेवला. नुसती ऊब लागली, लांबची, जाड मोजा घातल्यासारखी.

ती तशीच उभी राहिली. पाऊस, वाफ, लोकांचे आवाज, सगळं क्षणभर कुठेतरी दूर गेलं. मग ती म्हणाली, "लक्ष नव्हतं माझं, मावशी."

"कुठे होतं मग?"

चिसातोने त्या लाल पाठीकडे पाहिलं. तोमिको मावशींनीही पाहिलं. आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हळूहळू मोठं हसू पसरलं.

"असं होय! तरीच म्हटलं..."

चिसातोने ते नाकारलं नाही. मान खाली घातली आणि लाजल्यासारखं केलं. तळवा बधिर झालाय हे सांगण्यापेक्षा आपण भुललोय हे सांगणं फार सोपं होतं.

आता त्या तळव्याची गोष्ट सांगायलाच हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चिसातोची आई फुसाए. तिचे पाय गेलेले होते, दिवसभर ती खुर्चीत असायची. एके काळी ती बाजारात मासे विकायची, डोक्याएवढा टोप एका हाताने उचलायची. मग पायाचा अंगठा चालताना अडकायला लागला, मग पाय ताठायला लागले, लघवीला सारखं पळावं लागायला लागलं. "पाठ धरलीय" असं ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. डॉक्टरकडे नेली तेव्हा उशीर झाला होता. रक्तात एक विषाणू होता, एचटीएलव्ही नावाचा. जन्मभर मुक्काम करणारा. शेकडो जणांत एखाद्यालाच तो उपद्रव देतो, बाकीचे त्याला घेऊन सुखाने म्हातारे होतात. ज्याला देतो, त्याच्या पाठीच्या कण्यातल्या नसा हळूहळू खातो. दक्षिणेकडच्या गावांत तो पिढ्यान्‌पिढ्या आईच्या दुधातून लेकरांत उतरत आलाय. फुसाएच्या बाळंतपणात तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला कोणाला माहीत होतं?

चिसातो विशीत रक्तदानाला गेली, तेव्हा आपल्याही रक्तात तो आहे हे तिला कळलं. तिने आईला सांगितलं नाही. फुसाए अधूनमधून विचारायची, "तू तपासून घेतलंस ना गं? तुला नाही ना?" चिसातो म्हणायची, "नाही गं आई, मी ठणठणीत!" आणि दाखवायला म्हणून एका पायावर उड्या मारायची. त्या उड्यांवर आई जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून तळवा बधिर झाला त्या दिवशी चिसातोला पायांची भीती वाटली नाही. ती नंतर वाटली. आधी एकच मनात आलं, की आईला हे कळता कामा नये.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला जाणं भागच होतं. तोमिको मावशींनी कारुकानचा डबा आणून तिच्या हातात कोंबला, तो पांढरा वाफवलेला गोड केक, तिकडे माफीलाही तोच आणि मुलगी बघायलाही तोच. "दोन्ही कामं एकदम होतील," असं म्हणून त्यांनी डोळा मारला.

दिवाणखान्यात पियानोचं पोट उघडं होतं. ताकुमा आत डोकं घालून बसला होता.

"या, वाळूवाल्या बाई," तो न बघताच म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पावलांवरून. कालच ऐकून ठेवली होती. तुमचं डावं पाऊल जरा उशिरा येतं." त्याने डोकं बाहेर काढलं. केसांत धूळ होती. "छान वाटतं ऐकायला. मागे रेंगाळणाऱ्या पोरासारखं."

चिसातोने खाली आपल्या डाव्या पावलाकडे पाहिलं. ते उशिरा पडतं हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"पाठ कशी आहे?" तिने विषय बदलला.

"पालथा झोपतोय. पण एक बरं झालं. घरी जाऊन सांगता येईल, की एका मुलीने मला तापवलं."

"चावटपणा पुरे. माफ करा, एवढं म्हणायला आले होते."

"नाही करत."

"म्हणजे?"

"लगेच माफ केलं तर तुम्ही परत कशाला याल?"

ती चिडल्यासारखं करून वळली, आणि पाठीमागून तो आपलं पाऊल ऐकतोय हे ठाऊक असल्यामुळे दारापर्यंत इतकं सांभाळून चालली, इतकं सांभाळून... की उंबऱ्याला अडखळली.

खरं तर तिथेच हे संपायला हवं होतं. पण चिसातोला आता ताकुमाची गरज होती. फावडं हातातून निसटलं की तोमिको मावशी म्हणायच्या, "पोरगी हवेत आहे!" जिन्यावर पाय अडकला की आचारी हसायचा, "सूरवाला आलाय वाटतं!" सारखं लघवीला जावं लागायचं, तर सगळ्यांना वाटायचं ती दिवाणखान्यात डोकावायला जातेय. प्रेम हा मोठा सोयीचा आजार, त्याच्या पदराखाली दुसरे आजार झाकता येतात. रोज खड्ड्यात ती आता उजवा पाय ठेवायची, आणि कोणालाच काही कळत नव्हतं.

ताकुमाही येत राहिला. झऱ्याच्या वाफेने पियानोच्या तारा गंजतात, हे खरं होतं. पण दर आठवड्याला गंजतात हे मॅनेजरलाही पटलं नाही, तरी त्याने मेहेरबानी करून काही विचारलं नाही. ते दोघं किनाऱ्याने चालायचे. वाफेवर उकडलेली रताळी खायचे. तो तिला कधी "तू" म्हणायला लागला हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती ठेचकाळली की तो हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "सारखी सारखी माझ्या अंगावर काय पडतेस? सरळ सांग ना."

"काय सांगू?"

"जे पडल्याशिवाय सांगता येत नाही ते."

ती हसायची. आणि घरी जाऊन अंथरुणात पडली की तिला रडू यायचं. कारण लाजायचं नाटक करता करता आता खरंच गाल तापत होते. सोंग केलं होतं ते अंगाशी आलं होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी दोघं बंधाऱ्यावर बसले होते. रिमझिम थांबून ऊन पडलं होतं. त्याने पिशवीतून एक लोखंडी चिमटा काढला, दोन पात्यांचा, जाड. सूर जुळवताना आधी हा वाजवायचा आणि त्याच्या सुरावर तारा लावायच्या. गुडघ्यावर आपटला की पाती गुणगुणत राहायची.

"हात दे," तो म्हणाला. त्याने चिमट्याचा दांडा तिच्या मनगटाच्या हाडावर टेकवला. गुणगुण हाडातून कोपरापर्यंत चढली. तिच्या अंगावर काटा आला.

"कळतंय?"

"हो... गुदगुल्या होतात."

मग कोपर. मग खांदा, जरा जास्तच वेळ. मग तो हसत खाली वाकला आणि तिची सपात काढून डाव्या घोट्याच्या हाडावर चिमटा टेकवला. ती काही बोलायच्या आतच.

"आता?"

काही नव्हतं. थंड लोखंड टेकलंय एवढं कळत होतं, तेही पुसट. समोर पाती हलताना दिसत होती.

"कळतंय," ती म्हणाली.

"पुन्हा." त्याने हात फिरवला, पाती तळहाताआड धरून चिमटा पुन्हा टेकवला. "आता?"

"हो. कळतंय की."

"खूप?"

"खूप."

ताकुमा खो खो हसत सुटला. "फसलीस! या वेळी मी वाजवलाच नव्हता! कशी थापाडी आहेस गं! काय कळत होतं तुला, सांग..."

तिचा चेहरा पाहून त्याचं हसू ओठांवरच विरलं.

चिसातो रडली नाही. समुद्राकडे बघत तिने सगळं सांगून टाकलं. वाळू, तळवा, आईचे पाय, दूध, त्या एका पायावरच्या उड्या. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"आणि तुझ्यावर भुललेय हे मी मुद्दाम पसरू दिलं," ती शेवटी म्हणाली. "पाय लपवायला. हेही सांगते. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"सगळं खोटं होतं?"

"आधी."

त्याने चिमटा पिशवीत परत ठेवला. "हा... मला होऊ शकतो?"

"लग्न केलं तर होऊ शकतो. बाईकडून पुरुषाला त्यामानाने कमी. पण होऊ शकतो. आणि मूल झालं तर त्याला माझं दूध द्यायचं नाही. डब्याचं द्यायचं."

"मी अजून हातसुद्धा धरला नाही," तो कसंनुसं हसला, "आणि तू बाळाच्या दुधापर्यंत पोचलीस."

"हे आधी सांगावं लागतं. माझ्या आईला कोणी सांगितलं नाही."

त्याने तिला घरापर्यंत सोडलं. फाटकापाशी त्याने मान लववली, परक्या माणसाला लववतात तशी, आणि गेला.

मग तो आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्यातही नाही. पियानोचा वरचा एक सूर बेसूर झाला, पाहुण्यांची पोरं नेमकी तोच बडवायची. तोमिको मावशी काही दिवस चिडवत राहिल्या, मग त्यांनी चिडवणं बंद केलं आणि न बोलता तिच्या वाटचे खड्डे खणून द्यायला लागल्या. ते चिसातोला जास्त लागलं. घरी आई विचारायची, "कामावर काही झालंय का गं?" आणि चिसातो म्हणायची, "काही नाही, पाय दुखतात उभं राहून." म्हटल्यावर तिने जीभ चावली. आईची नजर तिच्या पायांवर गेली होती आणि तिथेच थांबली होती.

मेमधल्या एका सकाळी ती वाळू ओढत असताना मागे कोणी तरी येऊन उभं राहिलं. "मला पुरून घ्यायचंय," असा आवाज आला.

ती वळली. ताकुमा वाळला होता. दाढी नीट केलेली नव्हती.

"तिकडे तिकीट घ्या," ती म्हणाली.

"घाबरलो होतो मी, चिसातो."

"दिसलं."

"अजूनही घाबरलेलोच आहे. काही फरक पडलेला नाही."

"मग आलात कशाला?" ती पुन्हा "तुम्ही"वर गेली होती.

"तिकडे एकटं घाबरत बसण्यापेक्षा..." त्याने वाळूत बोट खुपसलं आणि चटका बसून मागे घेतलं. "इथे येऊन घाबरावं म्हटलं. निदान सोबत तरी होईल."

फावडं तिच्या हातात होतं. ते त्याच्या टाळक्यात घालावं की टाकून द्यावं हे तिला ठरवता येईना.

"चल, तपासून घे," तो म्हणाला. "मी घेऊन जातो. आईला सांगायचं की नाही, ते तुझं तू बघ."

"निघालं तर?"

"निघालेलंच आहे गं. तुलाही माहितीय, मलाही. डॉक्टरला तेवढं माहीत नाही."

कागोशिमाच्या इस्पितळात नसांच्या डॉक्टर बाई होत्या, बुटक्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी तिला ओळीवरून चालायला लावलं. लहान हातोडीने गुडघ्याखाली हलकेच ठोकलं, तर पाय असा उडाला की बाईंचा चष्मा थोडक्यात वाचला. तळव्यावरून काडी ओढली, आणि अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठला. चिसातो आपल्याच अंगठ्याकडे बघत राहिली. तो दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकत होता. मग कुशीवर निजवून, कण्यात सुई घालून त्यांनी पाणी काढलं. तेव्हा तिने हात मागे केला आणि जो हात सापडला तो धरला. तो ताकुमाचा होता. हात धरायचा मुहूर्त त्यांना असा मिळाला.

निकाल ऐकायला दोघं पुन्हा गेले.

"सुरू झालंय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "डाव्या बाजूला जास्त. पण तुम्ही लवकर आलात. इतक्या लवकर आमच्याकडे फारसं कोणी येत नाही, लोक वर्षानुवर्षं पाठ चोळत बसतात."

"बरं होईल?" ताकुमाने विचारलं.

"गेलेलं परत येईलच असं नाही सांगत. औषधाने सूज उतरवू, पुढचं लांबवू. लांबवता येतं, या टप्प्यावर खूपच. काठी लागेल कधीतरी. कधी, ते मी सांगणार नाही, कारण मला ठाऊक नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "कळलं कसं तुम्हाला?"

चिसातो आणि ताकुमाने एकमेकांकडे पाहिलं. "खोटं बोलले, ते पकडलं गेलं," ती म्हणाली.

परत येताना गाडीत पाऊस लागला. काचेवरचा पाऊस बघत चिसातोने ठरवलं की आईला सांगायचं नाही. मग बोगदा गेला, रताळ्यांची शेतं आली, आणि तिने ठरवलं की सांगायचं. आईने पाय लपवले ते कोणासाठी? लेकीला घोर नको म्हणून. आणि लेकीने काय केलं? तेच. असं दोघी एकमेकींना वाचवत बसल्या तर घरात दोन खुर्च्या होतील आणि बोलायला कोणीच उरणार नाही.

"तू बाहेर थांब," ती फाटकाशी ताकुमाला म्हणाली.

फुसाए खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, मांडीवर वाटाणे सोलायला घेतलेले. तिने लेकीकडे पाहिलं, मग खिडकीतून त्या भिजत उभ्या असलेल्या माणसाकडे.

"हा कोण?"

"ते नंतर सांगते. आई... मलाही आहे."

फुसाएने विचारलं नाही, काय आहे. वाटाण्याचं भांडं तिने हळूच बाजूच्या मेजावर ठेवलं.

"पायांत?"

"डाव्या. आत्ताच सुरू झालंय. लवकर सापडलं म्हणाल्या. औषध आहे, आई, तुझ्यासारखं होणार नाही. निदान लवकर तरी..."

फुसाए ऐकत नव्हती. तिने खुर्चीचे हात धरले आणि अंग पुढे ओढलं.

"काय करतेस? आई, कुठे चाललीस?"

"खाली. मला खाली बसू दे. तुझ्यासमोर नीट बसू दे."

चिसातोला आता कळलं. चटईवर गुडघे मोडून, दोन्ही हात टेकून, कपाळ जमिनीला लावून मागतात ती माफी. आई तिची माफी मागायला निघाली होती.

"नको! आई, नको ना..."

पण ते पाय कधीचेच मोडत नव्हते. फुसाए खुर्चीतून सुटली ती सरळ पुढे पडली, चिसातोने तिला धरलं आणि तिच्याही डाव्या पायाने ऐनवेळी दगा दिला. दोघी मेजावर आदळून खाली आल्या. भांडं उडालं. वाटाणे चटईभर झाले.

आवाज ऐकून ताकुमा धावला. दार ढकललं, ओसरी ओलांडली आणि थेट आत, चटईवर.

"लागलं का? हलू नका! मी..."

फुसाएचा गाल चटईला टेकलेला होता, तिथून तिला एकच गोष्ट दिसत होती.

"बूट!" ती ओरडली. मासळीबाजारातला जुना आवाज, बऱ्याच वर्षांनी निघालेला. "बूट घालून चटईवर! कुठल्या घरातला आहेस रे तू?"

ताकुमा जागच्या जागी गोठला. एक पाय त्याने वर उचलला, पण ठेवायचा कुठे हे कळेना. बूट उपसत तो एका पायावर नाचू लागला, तसा वाटाण्यावरून घसरला आणि दारालाच लटकला. चिसातोला हसू फुटलं. आईला मिठी मारून ती हसत होती, हसता हसता हुंदके द्यायला लागली, आणि फुसाएचंही तेच झालं. कोण हसतंय आणि कोण रडतंय हे ताकुमाला कळेना, तो बूट छातीशी धरून नुसता उभा राहिला.

मग बूट बाहेर ठेवून तो आला आणि त्याने फुसाएला उचललं. तिचे पाय मोडले नाहीत, फळ्यांसारखे सरळ त्याच्या हातांवरून बाहेर आले. एक पाय आपोआप थडथड हलायला लागला, आवरेना. चिसातो खाली बसल्या बसल्या त्याचा चेहरा बघत होती. उद्याची आपणच त्याच्या हातात आहोत, आणि हे त्यालाही आत्ताच दिसलं असणार, हे तिला स्वच्छ कळत होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने हात जरा खाली घेऊन ओझं नीट पेललं.

"कुठे ठेवू यांना?" त्याने विचारलं.

"खुर्चीत. पाठीला उशी दे."

त्याने दिली. मग फडकं शोधून आणलं आणि गुडघ्यांवर बसून चटईवरचा चिखल पुसायला घेतला.

"माझी माफी राहिलीच," फुसाए हळू म्हणाली.

चिसातो सरकत तिच्या खुर्चीपाशी गेली आणि त्या थडथडणाऱ्या पायावर तिने हात ठेवला. "मला भूक लागली होती, आई," ती म्हणाली. "तू पाजलंस. एवढंच झालं."

फुसाएने डोळे मिटून घेतले. पावसाने पुन्हा जोर धरला होता. मग तिने डोळे उघडले, ते त्या पाठमोऱ्या माणसाकडे पाहायला.

"अरे, आडवं नको पुसू. विणीच्या दिशेने पूस. चिखल आत जातो नाहीतर."

"हो, आई," ताकुमा म्हणाला आणि विणीच्या दिशेने पुसू लागला.

फुसाएने भुवया चढवल्या. तिने लेकीकडे पाहिलं.

"हा मला आई कधीपासून म्हणायला लागला?"

ताकुमाचे कान लाल झाले, पण त्याने मान वर केली नाही. चिसातो चटईवरचे वाटाणे एकेक वेचत होती.

"आत्तापासून," ती म्हणाली.